सीआयची फाइल कशी लिहावी: ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्यांसाठी

ओपन सोर्स प्रकल्पात येणारा कोड बऱ्याचदा अनोळखी माणसाने लिहिलेला असतो. त्याच्या लॅपटॉपवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, भाषेची कुठली आवृत्ती आहे, पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा ही विनंती) पाठवण्याआधी त्याने टेस्ट चालवल्या होत्या का, यातलं मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, काहीच ठाऊक नसतं. आणि या प्रकल्पात ‘कोड चालतो’ असं नेमकं कशाला म्हणतात, याची त्या माणसालाही कल्पना नसते. दोघांमधलं हे अंतर सीआयची, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची, फाइल भरून काढते. आमचा कोड कुठे, कशावर आणि कोणत्या कसोटीला उतरून चालतो, याचं प्रकल्पाने जगाला दिलेलं लेखी वचन म्हणजे ही फाइल. ती लिहिताना प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारावं, की हे वचन आपण खरंच पाळणार आहोत का.

सीआय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन. प्रत्येकाने आपला कोड आठवडेच्या आठवडे वेगळा ठेवून शेवटी एकदम जोडण्यापेक्षा रोज थोडा थोडा मेन ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीत, जोडावा आणि दर जोडणीला यंत्राने सगळं बांधून, तपासून पाहावं, एवढीच ही कल्पना. ग्रेडी बूच यांनी १९९१ साली हे नाव वापरलं, एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या कार्यपद्धतीवाल्यांनी पुढे त्याची रोजची शिस्त केली. २००५ च्या सुमारास हडसन नावाचा सीआय सर्व्हर आला. ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११ मध्ये तोच जेनकिन्स झाला. तो स्वतःच्या यंत्रावर चालवावा लागे, आणि चार मित्रांच्या प्रकल्पाकडे असं यंत्र नसे. त्याच वर्षी ट्रॅव्हिस सीआय ही सेवा सुरू झाली: रेपोमध्ये (प्रकल्पाचा कोड जिथे राहतो तिथे) एक छोटी फाइल ठेवायची, टेस्ट चालवण्याचं काम सेवा फुकट करणार. लहान प्रकल्पांसाठी हे फार मोठं दार उघडलं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटची स्वतःची सीआय सेवा, गिटहब ॲक्शन्स, सर्वांसाठी खुली झाली, आणि २०२१ मध्ये ट्रॅव्हिसची ओपन सोर्ससाठीची जुनी साइट बंद झाली. असंख्य प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

या स्थलांतरातून मी एक नियम घेतला आहे आणि तो कधी मोडत नाही. सीआयच्या फाइलमध्ये अक्कल ठेवायची नाही. बांधणी कशी करायची, टेस्ट कशा चालवायच्या, कोडची मांडणी कशी तपासायची, हे सगळं प्रकल्पाच्या आपल्या स्क्रिप्टमध्ये, मेकफाइलमध्ये किंवा त्या भाषेच्या नेहमीच्या साधनात असावं. सीआयच्या फाइलने फक्त ती कमांड हाकावी. सेवा बदलली तर दहा-वीस ओळी बदलतील. त्याहून मोठा फायदा असा, की सीआयवर टेस्ट फेल झाली तर नव्या माणसाला तीच कमांड आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहता येते. ज्या प्रकल्पात तसं करता येत नाही, तिथे तो बिचारा अंदाजाने एकेक बदल करून पुश करतो (रेपोकडे पाठवतो), दर वेळी निकालाची वाट पाहतो, आणि कंटाळून निघून जातो.

आत जे घडतं ते साधं आहे. तुम्ही पुश केलंत किंवा कुणी पुल रिक्वेस्ट उघडली, की सेवा एक कोरं यंत्र उभं करते. त्याला रनर म्हणतात. रनरवर तुमचा रेपो उतरतो, फाइलमधल्या स्टेप्स एकामागून एक चालतात आणि काम संपलं की यंत्र पुसलं जातं. हा कोरेपणा मोलाचा आहे. तुमच्या लॅपटॉपवर तीन वर्षांपूर्वी कधीतरी टाकलेली लायब्ररी, घरच्या फोल्डरात पडलेली सेटिंगची फाइल, गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) घालायची राहिलेली एखादी इमेज, यांतलं काहीच तिथे नसतं. मग जे लपलेलं असतं ते पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

कोड बरोबर आहे हे सीआयला कसं कळतं? खरं तर कळतच नाही. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते, ज्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे ठीक, दुसरं काहीही म्हणजे बिघाड. सीआय फक्त हा आकडा वाचतं. त्यामुळे हा आकडा वाटेत हरवला तर टेस्ट फेल होऊनही निशाणी हिरवी येते, आणि याहून वाईट बिघाड सीआयमध्ये दुसरा नाही. नेहमीचं उदाहरण पाइपचं. टेस्टचं आउटपुट फाइलमध्येही जावं म्हणून कुणीतरी ते ‘टी’ कमांडकडे पाइप करतं, म्हणजे पुढे ढकलतं. बॅश या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अख्ख्या पाइपचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा, आणि ‘टी’ तर बहुतेक नेहमीच यशस्वी. गिटहब ॲक्शन्सवर शेल कोणतं ते लिहिलं नाही, तर लिनक्सच्या रनरवर बॅश ‘पाइपफेल’ (पाइपमधली कोणतीही कमांड फेल झाली तरी बिघाड धरणारी सेटिंग) याशिवाय चालतं, शेल म्हणून ‘बॅश’ असं स्पष्ट लिहिलं तर ‘पाइपफेल’ लागू होतं. एका शब्दाचा फरक, पण त्यावर सगळ्या तपासणीची सचोटी अवलंबून असते. विंडोजच्या रनरवर पॉवरशेल असतं. तिथे एकाच स्टेपमध्ये तीन बाहेरचे प्रोग्रॅम ओळीने चालवले आणि मधला फेल झाला, तरी स्टेप पास होऊ शकते, कारण शेवटच्याचाच निकाल धरला जातो. म्हणून नवीन सीआय बसवलं की पहिलं काम करायचं ते म्हणजे एक टेस्ट मुद्दाम मोडून पाहायची. निशाणी लाल झाली तरच त्या सीआयवर विश्वास ठेवायचा.

पहिली फाइल छोटीच असावी. कधी चालायचं (पुल रिक्वेस्टवर आणि मेन ब्रांचवरच्या पुशवर), कोणत्या यंत्रावर, आणि चार स्टेप्स: कोड उतरवा, भाषा बसवा, डिपेन्डन्सी (कोडला लागणाऱ्या इतरांच्या लायब्ररी) बसवा, टेस्टची स्क्रिप्ट चालवा. ही फाइल ज्या यामल स्वरूपात लिहितात, त्याच्या एका खोडीला जपावं. पायथनची आवृत्ती ३.१० अशी अवतरणचिन्हांशिवाय लिहिली, तर यामल तिला दशांश अपूर्णांक समजतं, शेवटचा शून्य गळतो आणि रनर पायथन ३.१ शोधू लागतो. आवृत्तीचे आकडे नेहमी अवतरणात लिहावेत. दुसरी खोडी कोड उतरवण्याच्या स्टेपची. ती मुळात फक्त शेवटची कमिट (नोंदवलेला बदल) आणते, जुना इतिहास आणि टॅग (एखाद्या कमिटला दिलेलं आवृत्तीचं नाव) आणत नाही. तुमचा प्रकल्प स्वतःचा आवृत्ती क्रमांक गिटच्या टॅगवरून ठरवत असेल, तर पूर्ण इतिहास मागावा लागतो, नाहीतर पॅकेजवर भलताच आकडा छापला जातो.

आता वचनाचा मुख्य भाग: मॅट्रिक्स, म्हणजे कशाकशावर तपासायचं त्याचा तक्ता. तीन ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनच्या पाच आवृत्त्या लिहिल्या की सीआय त्यांचा गुणाकार करून पंधरा जॉब चालवतं. त्यात डेटाबेसचे दोन प्रकार घातले की तीस. गिटहबवर एका रनमध्ये मॅट्रिक्सचे जास्तीत जास्त २५६ जॉब होऊ शकतात, पण तिथवर जाण्यात शहाणपण नाही. मी टोकं निवडतो: लिनक्सवर सपोर्ट असलेल्या सगळ्या आवृत्त्या, मॅक आणि विंडोजवर फक्त सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी. मधल्या आवृत्तीत आणि फक्त विंडोजवरच फुटेल असा दोष क्वचित निघतो. आणि तपासत नसलेल्या सिस्टीमचं नाव रीडमीमधून काढून टाकावं, त्यात कमीपणा नाही.

तीन सिस्टीम तपासण्याची खरी कारणं अगदी ठोस आहेत. लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक महत्त्वाचा असतो, मॅक आणि विंडोजवर सहसा नसतो. मॅकवर काम करणाऱ्याने फाइलचं नाव कॅपिटल अक्षराने ठेवलं आणि कोडमध्ये स्मॉल लिहिलं, तर त्याच्याकडे सगळं चालतं आणि लिनक्सवर फाइल सापडत नाही. विंडोजवर ओळ संपल्याची खूण वेगळी, फोल्डरमधला तिरपा दांडा उलटा, आणि एका प्रोग्रॅमने उघडलेली फाइल दुसऱ्याला सहसा पुसता येत नाही. त्यामुळे तात्पुरत्या फाइली उघड्याच ठेवणाऱ्या टेस्ट तिथेच पकडल्या जातात.

मॅट्रिक्समध्ये दोन गोष्टी मुद्दाम बदलाव्यात. एक जॉब फेल झाला की बाकीचे थांबवायचे, अशी गिटहबची मूळ सेटिंग असते, तिला ‘फेल-फास्ट’ म्हणतात. ती बंद करावी. बिल्ड (बांधणी) फक्त विंडोजवर फुटला की सगळीकडे, हेच तर आपल्याला जाणून घ्यायचं असतं. दुसरी गोष्ट ‘लेटेस्ट’ या लेबलची. उबंटू या लिनक्सचं ‘लेटेस्ट’ आज एका आवृत्तीकडे बोट दाखवतं, उद्या दुसऱ्या. २०२४-२५ च्या हिवाळ्यात ते २२.०४ वरून २४.०४ वर सरकवलं गेलं. ज्या जॉबवर मर्ज, म्हणजे बदल मेन ब्रांचमध्ये घेणं, अडतं, त्यात ठरावीक आवृत्ती लिहावी, म्हणजे कुणीही कोड बदललेला नसताना लाल दिवा लागत नाही.

लायब्ररी लिहिणाऱ्यांकडून आणखी दोन तपासण्या हमखास राहतात. तुम्ही अमुक डिपेन्डन्सीची २.० किंवा त्यापुढची आवृत्ती चालते असं जाहीर केलं असेल, पण सीआय तर नेहमी सर्वांत नवी उतरवतं. २.० वर खरंच चालतं का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. जाहीर केलेल्या किमान आवृत्त्या बसवून टेस्ट चालवणारा एक जॉब ठेवा. पहिल्याच रनला किमान आकडे वर न्यावे लागण्याची दाट शक्यता आहे. दुसरी तपासणी पॅकेजची. टेस्ट रेपोच्या फोल्डरात चालतात, तिथे सगळ्या फाइली असतात. वापरणाऱ्याला मात्र मिळतं ते बांधलेलं पॅकेज, आणि त्यात टेम्प्लेटचं फोल्डर घालायला तुम्ही विसरलेले असू शकता. म्हणून आधी पॅकेज बांधावं, ते कोऱ्या वातावरणात बसवावं आणि टेस्ट त्या बसवलेल्या पॅकेजवर चालवाव्यात.

वेगाबद्दल थोडक्यात. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगवाले दहा मिनिटांची मर्यादा सांगत, आणि ती आजही योग्य वाटते. त्यापुढे माणूस दुसऱ्या कामाकडे वळतो. डिपेन्डन्सीची कॅश (उतरवलेल्या फाइलींचा साठा) ठेवावी, तिची किल्ली लॉकफाइलच्या, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांच्या यादीच्या, हॅशवरून (मजकुरातून काढलेल्या खुणेवरून) बनवावी, म्हणजे लॉकफाइल बदलली की कॅशही नवी होते. त्याच पुल रिक्वेस्टवर नवी कमिट आली तर जुना रन रद्द करण्याची सोय चालू करावी. आणि प्रत्येक जॉबला वेळेची मर्यादा घालावी. गिटहबची मूळ मर्यादा ३६० मिनिटांची आहे, म्हणजे अडकलेली एक टेस्ट सहा तास रनर अडवून बसते.

अविश्वासू टेस्ट हा मात्र थांबून बोलण्याचा विषय आहे. कोड तोच, पण टेस्ट कधी पास तर कधी फेल, तिला फ्लेकी म्हणतात. गूगलने २०१६ साली आपले आकडे प्रसिद्ध केले होते. त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही फ्लेकीपणा होता, आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत फ्लेकी टेस्टचा संबंध होता. एवढी साधनं हाताशी असलेल्या कंपनीची ही स्थिती. कारणं बहुतेक ठरलेली असतात: टेस्टमध्ये खरं नेटवर्क, ‘दोन सेकंद थांब’ असा अंदाज, टाइमझोन गृहीत धरणं, एका टेस्टने मागे सोडलेल्या डेटावर दुसरीने अवलंबून असणं. लाल दिसलं की ‘पुन्हा चालव’ बटण दाबायचं, हा यावरचा सर्वांत घातक उपाय. महिनाभरात सगळ्यांना तीच सवय लागते आणि खरा दोषही त्याच बटणाखाली निसटतो. फ्लेकी टेस्ट सापडली की त्याच दिवशी वेगळी काढावी, तिच्या नावाने इश्यू उघडावा, आणि दुरुस्त होईपर्यंत तिला मर्ज अडवू देऊ नये.

आता सुरक्षा. कंपनीच्या बंद रेपोपेक्षा ओपन सोर्सचं सीआय वेगळं ठरतं ते इथे. जरा स्पष्ट मांडू या: कुणीही अनोळखी माणूस पुल रिक्वेस्ट उघडतो आणि त्याने लिहिलेला कोड तुमच्या सीआयवर चालतो. टेस्टच्या फाइलमध्ये, बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये, डिपेन्डन्सीच्या यादीत तो काहीही लिहू शकतो. या फुकटच्या यंत्रांवर क्रिप्टोकरन्सी खणण्याचे उद्योग इतके वाढले, की २०२१ मध्ये गिटहबने पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याचा रन मेंटेनरच्या मंजुरीशिवाय सुरू होणार नाही, अशी व्यवस्था केली. मंजुरीचं बटण दाबण्याआधी बदललेल्या फाइली वाचाव्यात, विशेषतः सीआयच्या फोल्डरातल्या.

फोर्कमधून (दुसऱ्याने केलेल्या रेपोच्या प्रतीतून) आलेल्या साध्या ‘पुल रिक्वेस्ट’ ट्रिगरला, म्हणजे रन सुरू करणाऱ्या घटनेला, गिटहब तुमची सिक्रेट्स (पासवर्डसारखी गुप्त मूल्यं) देत नाही आणि टोकनही (रेपोत शिरण्याचा परवाना) फक्त वाचण्यापुरतं देतं. ही भिंत योग्य आहे. पण टेस्टचा निकाल पुल रिक्वेस्टवर कॉमेंट म्हणून टाकायचा असेल, तर ती आडवी येते. मग कुणीतरी सुचवतं की ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा ट्रिगर वापरा. तो मूळ रेपोच्या अधिकारांनिशी चालतो, सिक्रेट्स आणि लिहिण्याचा हक्क मिळू शकेल अशा स्थितीत. त्यात जर फोर्कमधला कोड उतरवून चालवला, तर घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हातात दिल्यासारखं होतं. या ट्रिगरमध्ये आलेला कोड चालवायचा नाही. लेबल लावणं, स्वागताची कॉमेंट टाकणं, इतकंच. तिथेही पुल रिक्वेस्टचं शीर्षक किंवा ब्रांचचं नाव थेट शेल कमांडमध्ये चिकटवू नये. शीर्षकात कुणी कमांड लिहिली तर ती चालते. ते मूल्य आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या नावाच्या मूल्यात) घ्यावं आणि तिथून अवतरणात वापरावं.

धोका फक्त पुल रिक्वेस्टमधून येत नाही, तुम्ही विश्वासाने वापरलेल्या साधनांतूनही येतो. २०२१ च्या ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत टेस्ट किती कोड तपासतात ते मोजणाऱ्या कोडकव्ह सेवेच्या अपलोडर स्क्रिप्टमध्ये कुणीतरी बदल करून ठेवला होता. ती स्क्रिप्ट ज्या सीआयमध्ये चाले, तिथली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ती बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवत होती. एका ग्राहकाने स्क्रिप्टचा हॅश जुळवून पाहिला, तो जुळला नाही, तेव्हा प्रकार उघडकीला आला. २०२५ च्या मार्चमध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ची ‘चेंज्ड फाइल्स’ ही ॲक्शन (सीआयमध्ये वापरायची तयार स्टेप) हल्लेखोरांनी काबीज केली. २३ हजारांहून अधिक रेपो ती वापरत होते. हल्लेखोरांनी तिचे जुने टॅगच उचलून घातक कमिटकडे वळवले, आणि रनरच्या मेमरीतली सिक्रेट्स सीआयच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. सार्वजनिक रेपोचे लॉग सगळ्यांना दिसतात. लिहिण्याचा हक्क हाती आला की टॅग हलवता येतो, कमिटचा ४० अक्षरी हॅश हलवता येत नाही. ज्यांनी ॲक्शनची आवृत्ती अशा जुन्या हॅशने बांधून ठेवली होती, ते सहसा बचावले. हे हॅश हाताने बदलत राहणं कंटाळवाणं असतं, पण डिपेन्डाबॉटसारखी साधनं ते काम करतात. त्याच्या जोडीला फाइलच्या सुरुवातीलाच टोकनचे अधिकार फक्त वाचण्यापुरते करावेत आणि ज्या जॉबला लिहिणं गरजेचं आहे त्यालाच जास्तीचे द्यावेत. पॅकेज प्रकाशित करणारा जॉब वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या ट्रिगरवर ठेवावा.

एवढं सगळं करूनही मेन ब्रांच फुटू शकते. समजा, एका पुल रिक्वेस्टमध्ये एका फंक्शनचं नाव बदललं. दुसरीत त्याच फंक्शनला जुन्या नावाने नव्या फाइलमधून हाक मारली. दोन्ही आपापल्या जागी हिरव्या, गिटला कुठेही संघर्ष दिसत नाही, पण दोन्ही मर्ज झाल्या की बिल्ड कोसळतो. रस्ट भाषेच्या प्रकल्पाने हे फार आधी ओळखलं. तिथे बॉट प्रत्येक बदल आधी मेन ब्रांचच्या ताज्या स्थितीवर जोडून पाहतो, सगळ्या टेस्ट चालवतो, आणि पास झाल्यावरच तोच जोडलेला कोड मेनमध्ये जातो. गिटहबने २०२३ मध्ये हीच सोय मर्ज क्यू या नावाने सर्वांसाठी आणली. दिवसाला दोन-चार पुल रिक्वेस्ट मर्ज होणाऱ्या प्रकल्पाला तिची गरज क्वचितच असते. मर्जआधी ब्रांच ताजी करायला लावणं पुरतं.

मर्ज अडवणाऱ्या तपासण्यांची यादी ठरवताना दोन गोष्टी माहीत हव्यात. अट न जुळल्यामुळे वगळलेला जॉब गिटहब यशस्वी धरतं. आणि बदललेल्या फाइलींवरून अख्खा वर्कफ्लोच (एका फाइलमधले सगळे जॉब) वगळला गेला, तर त्याची सक्तीची तपासणी ‘प्रलंबित’ राहून मर्ज कायमचं अडतं. शिवाय मॅट्रिक्समध्ये आवृत्ती वाढवली की जॉबची नावंही बदलतात. यावर सोपा तोडगा आहे. बाकी सगळ्या जॉबवर अवलंबून असलेला एक शेवटचा जॉब ठेवायचा, तो काहीही झालं तरी चालेल असा, आणि प्रत्येकाचा निकाल खरंच ‘सक्सेस’ आहे का ते तपासणारा. सक्ती फक्त त्याच्या नावावर करायची.

राहिला वेळापत्रकावरचा रन. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारातलं ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभर बिल्ड फुटले, त्या प्रकल्पांमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नसताना. तुमचा कोड स्थिर असला तरी त्याखालची जमीन सरकत असते. म्हणून आठवड्यातून एकदा, कुणी पुश केलं नसलं तरी, सगळ्या टेस्ट चालाव्यात. वेळ ठरवताना लक्षात घ्यावं, की क्रॉन, म्हणजे हे वेळापत्रक, मुळात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे चालतं, आणि ठीक तासाच्या ठोक्याला गर्दी असल्याने रन उशिरा सुरू होतात. सतरा किंवा त्रेचाळीस मिनिटं असा आडनिडा आकडा बरा. सार्वजनिक रेपोमध्ये ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर गिटहब हा वेळापत्रकाचा रन आपणहून बंद करतं. शांत पडलेल्या प्रकल्पालाच त्याची सर्वांत जास्त गरज असते, म्हणून फाइलमध्ये हाताने चालवण्याचा ‘वर्कफ्लो डिस्पॅच’ हा ट्रिगरही घालून ठेवावा. बऱ्याच महिन्यांनी एखादी पुल रिक्वेस्ट आली, तर तिच्याकडे वळण्याआधी, वर्कफ्लो बंद झाला असेल तर तो पुन्हा चालू करून, मेन ब्रांचवर एकदा चालवावा. मेनच लाल निघाली तर आधी ती दुरुस्त करावी, आणि नव्या माणसाला तसं कळवावं, म्हणजे तो स्वतःच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसणार नाही.